हाडं गुहेत आणली कुणी?

सोलापुरात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. त्यानं एक माहितीपट पाहिला. त्यात गुहेत सापडलेल्या हाडांच्या चुऱ्यावरून सांगितलं होतं, की इथली माणसं हरणं मारून खात आणि थंडीपुरती इथे राहत. तो विचारतो, तुटक्या हाडांवरून इतकं ठामपणे कसं सांगता येतं? हे शिकायचं असेल तर सोलापुरात ना गुहा ना डोंगर, मग सुरुवात कुठून करायची? आणि जाता जाता, मोहोळकडे मामाच्या शेतात विहीर खणताना दगडासारखा जड दात निघालाय, त्याचं काय करू?

दाताचं शेवटी सांगते. तोवर त्याला ब्रश लावू नकोस आणि पाण्यातही टाकू नकोस. वयानं तू माझ्या भाच्याएवढा असशील, म्हणून ‘तू’च म्हणते.

सुरुवात खाटकापासून कर. चेष्टा करत नाही. माझी नोकरीची अठ्ठावीस वर्षं हाडं ओळखण्यात आणि मोजण्यात गेली, पण शेळीचा सांगाडा मला पहिल्यांदा कळला तो दुकानाच्या ओंडक्यासमोर उभं राहून. खाटकाला सांधा कुठे सुटतो ते डोळे मिटूनही कळतं. सुरी कुठे फिरवायची, कुठे सत्तूर लागतो, कुठे नुसता झटका पुरतो, हे त्याच्या हातात असतं. आदिमानवाच्या हातात गारगोटीचा धारदार छिलका होता एवढाच फरक, सांधे तेच. एक फरा, पुढच्या पायाचं दंडाचं हाड, मागची नळी आणि चार पाये घरी आण, उकळ, सोडा घालून चरबी काढ, गच्चीवर वाळव. मग डावं कुठलं, उजवं कुठलं ते ओळखायला शीक. डावं-उजवं जमलं की निम्मी विद्या आली.

आता मुद्द्यावर येते. माहितीपटवाले ‘हे हाड कुठल्या प्राण्याचं’ इथून सुरू करतात. आमच्या कामात त्याच्याही आधी वेगळं विचारावं लागतं: हे हाड गुहेत आणलं कुणी? गुहा माणसाच्या मालकीची कधीच नव्हती. तरस पिल्लांसाठी हाडं ओढून आणतो. बिबट्या शिकार घेऊन वर चढतो. साळिंदर तर वाळकी हाडं नुसती कुरतडायला गोळा करून ठेवतो. कपारीत बसलेलं गव्हाणी घुबड उंदरांच्या हाडांच्या गोळ्या ओकून ढीग घालतं. पावसाचं पाणी वरच्या भोकातून मेलेलं जनावर आत ढकलतं. या सगळ्यांनी हजारो वर्षं आपापली भर घातल्यावर मधल्या एखाद्या थरात चार माणसं आठ दिवस राहून गेलेली असतात. त्यांचं ताट या ढिगातून वेगळं काढायचं, हे आपलं काम.

यात मोठमोठी माणसं चुकली आहेत. रेमंड डार्ट म्हणजे ज्यांनी १९२५ साली टाँगच्या बालकाची, म्हणजे माणसाच्या एका फार जुन्या वानरासारख्या पूर्वजाच्या पोराची, कवटी जगापुढे मांडली ते शास्त्रज्ञ. दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाटच्या गुहेतल्या हाडांमध्ये त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हरणांच्या दंडाच्या हाडाची खालची टोकं भरपूर होती, वरची मात्र फारच थोडी. त्यांनी निष्कर्ष काढला, की आपल्या त्या पूर्वजांनी खालची टोकं सोट्यासारखी वापरायला मुद्दाम निवडून आणली. हाडं, दात, शिंगं हीच त्यांची हत्यारं, आणि माणूस मुळातच खुनी वानर, अशी सगळी मांडणी त्यावर उभी राहिली.

मग सी. के. ब्रेन हे संशोधक आले. त्यांनी गुहा बाजूला ठेवली आणि नामिबियात कुईसेब नदीकाठच्या वस्त्यांवर गेले. तिथले लोक शेळ्या पाळत, कापत, खात आणि हाडं अंगणात टाकत; पुढचं काम कुत्री करत. ब्रेननी अंगणातली ती हाडं वेचून मोजली. प्रमाण तेच निघालं: दंडाची खालची टोकं ढीगभर, वरची जवळजवळ नाहीतच. इथे कुणी काहीच निवडलं नव्हतं. खालचं टोक घट्ट असतं आणि शेळी साधारण वर्षाची होते तेव्हाच ते उरलेल्या हाडाला जुळून पक्कं होतं. वरचं टोक तीन-साडेतीन वर्षांपर्यंत जुळत नाही, ते स्पंजासारखं आणि चरबीनं भरलेलं. कुत्र्याला तेच गोड लागतं. ज्याला हेतू समजलं गेलं तो हाडाचा टणकपणा होता.

हे वाचलं तेव्हा मी नवी होते आणि मला ते पटेना. आपल्याकडची शेळी वेगळी, आपली कुत्री वेगळी, असलं काहीतरी डोक्यात. त्याच वर्षी चुलत भावाच्या मुलाचं जावळ होतं. तीन बोकड पडले. पंगती उठल्यावर मी घमेलं घेऊन ताटांतली हाडं गोळा केली, एकेकावर मार्करनं नंबर टाकला आणि गोठ्यामागे पसरून ठेवली. वस्तीवरची दोन कुत्री, तीन रात्री. काकू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, ‘‘शिकून शिकून पोरगी उकिरडा उपसायला लागली.’’ चौथ्या दिवशी दंडाच्या सहा हाडांपैकी पाचांची खालची टोकं मला मिळाली, सहावं कुठे गेलं ते त्या कुत्र्यांनाच ठाऊक. वरचं टोक एकही उरलं नव्हतं. तो प्रयोग तू आजही करू शकतोस, सोलापुरात त्याला ना बोकड कमी पडणार ना कुत्री.

ब्रेन यांचं आणखी एक काम. दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्सच्या गुहेत एका लहान वयाच्या आदिमानवसदृश प्राण्याच्या कवटीला दोन भोकं होती. डार्टच्या मांडणीत ती कुणीतरी हत्यारानं पाडली असती. ब्रेननी त्या दोन भोकांत बिबट्याच्या खालच्या जबड्याचे सुळे बसवून दाखवले. अंतर बरोबर जुळलं. म्हणजे त्या गुहेत आपली मंडळी जेवायला बसलेली नव्हती, ती ताटात होती. चीनमधल्या झोउकोउदियनच्या गुहेचंही तसंच. पेकिंग मानव नावाच्या आदिमानवाचं घर म्हणून ती जगभर गाजली, पण पुढे हाडांवरच्या खुणा नीट पाहिल्यावर तिथली बरीचशी हाडं तरसांनी आणलेली, असं म्हणावं लागलं.

म्हणून खुणा. दगडी धारेची खूण आडव्या छेदात इंग्रजी ‘व्ही’सारखी असते, आणि तळाशी भिंगातून बारीक बारीक समांतर रेघा दिसतात, कारण दगडाची धार कधीच एकसलग नसते. मांसाहारी प्राण्याच्या दाताची चर गोल तळाची, ‘यू’सारखी. उंदीर, घूस, साळिंदर यांची खूण म्हणजे सपाट तळाच्या दोन-दोन खाचा, रंध्यानं ओढल्यासारख्या. झाडांच्या मुळांनी पडलेल्या रेघा शेवयांसारख्या वळवळत जातात. आणि गुहेत शिरलेल्या जनावरांच्या पायाखाली वाळूत हाड रगडलं गेलं तर जी ओरखड असते ती सुरीच्या खुणेची हुबेहूब नक्कल करते. तिथे फसायला होतं. मी फसले होते, पण ओरखड्यावर नाही. उत्खननाच्या पहिल्याच हंगामात एका नळीवर एका ओळीत नऊ खाचा दिसल्या. मी वहीत लिहिलं, ‘नक्षी, बहुधा मोजदादीची’. सर वही वाचून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ट्रेमध्ये त्या नळीशेजारी साळिंदराचा पुढचा दात ठेवलेला होता. खाचेत अगदी चपखल बसला.

खूण कुठे आहे हेही तेवढंच बोलकं असतं. सांध्याजवळ असेल तर तुकडे पाडले. हाडाच्या मधोमध लांबट असेल तर मांस सोलून काढलं. कवटीवर किंवा खुराच्या वर गोल फिरवलेली असेल तर कातडं काढलं. एखाद्या नशीबवान तुकड्यावर सुरीची आणि दाताची खूण एकमेकींवर पडलेली असते. सुरीची खाली आणि दाताची वर, म्हणजे माणूस आधी जेवला, तरसाला उष्टं मिळालं. उलट असेल तर आपले पूर्वज दुसऱ्याची शिकार उचलत होते. हे सांगायला एक तुकडा पुरत नाही, असे पुष्कळ लागतात. माहितीपटवाले मात्र एका तुकड्यावर संगीत वाजवतात.

हाड मोडलं कधी, हे आपल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. ओली फांदी पिळवटून तुटते, वाळकी काटकी काटकन सरळ मोडते. ताजी नळी दगडानं फोडली की कडा गुळगुळीत आणि तिरकी, मळसूत्रासारखी फिरलेली. शिवाय जिथे दगड बसला तिथे आतल्या बाजूनं टवका उडालेला असतो. ताटात नळी आली की आपण ती आपटतो, चोखतो, आतला मगज निघाला नाही तर चमच्याचा दांडा घालतो. इस्रायलमधल्या केसेम गुहेतल्या माणसांना याच मगजाचं अप्रूप होतं. ४,२०,००० ते २,००,००० वर्षांपूर्वीची ती गुहा. तिथे हरणांच्या पायांच्या खालच्या नळ्यांवर विचित्र जागी खुणा होत्या. ताजं कातडं काढताना तिथे सुरी लागायचं कारण नाही. संशोधकांनी ताज्या हरणांचे पाय कातड्यासकट ठेवून वेगवेगळ्या आठवड्यांनी सोलून पाहिले. कातडं वाळून हाडाला चिकटलं की जोर लावावा लागतो आणि तशाच खुणा पडतात. मगज नऊ आठवड्यांपर्यंत खाण्याजोगा राहतो. २०१९ साली हे छापून आलं. शिकार झाली की तिथेच सगळं संपवायचं, असं ज्यांच्याबद्दल आपण गृहीत धरलं होतं, त्या माणसांच्या घरात कोठार होतं! मला आजवरच्या वाचनातला हा सगळ्यात आवडता शोध आहे, आणि तो कुठल्याही सोनेरी मुखवट्यातून नव्हे, उष्ट्या पायांतून निघालाय.

जळक्या हाडांबद्दल एवढंच सांगते. हाड तापत जाईल तसं आधी तपकिरी, मग काळं, मग राखाडी आणि खूप तापलं की पांढरंफटक होतं. पण काळं हाड म्हणजे भाजलेलं मांस, असं नाही. मांस भाजताना आतलं हाड सहसा जळत नाही. जळतं ते खाऊन चुलीत फेकलेलं, नाहीतर पाचशे वर्षांनी कुणी त्याच जागेवर शेकोटी केली म्हणून खालच्या मातीतलं.

आता मोजणी. आमच्या घरी दर रविवारी किलोभर मटण येतं. कधी फरा, कधी मांडी, कधी चाप. वर्षभराचा उकिरडा तू उकरलास आणि तुकडे मोजलेस तर शेकडो भरतील. एका शेळीत हाडंच दोनशेच्या आसपास, त्यात सत्तूरानं केलेले तुकडे. म्हणून दुसरी पद्धत: एकच हाड धरायचं, समजा दंडाचं खालचं टोक. डावी सात आणि उजवी पाच असतील तर कमीत कमी सात जनावरं. आमच्या उकिरड्यावर हे गणित ‘कमीत कमी सात बोकड’ म्हणेल, आणि आम्ही खाल्लेलं असेल बावन्न बोकडांतलं थोडंथोडं. दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण दोन्ही अर्धवट. शिकारीतही हेच होतं: मोठं जनावर असेल तर मुंडकं, बरगड्या तिथेच टाकून मांड्या तेवढ्या गुहेत येतात. त्यामुळे कुठला अवयव आहे आणि कुठला नाही, याची यादी मला एकूण बेरजेपेक्षा जास्त कामाची वाटते.

वय दातांवरून. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जा. व्यापारी ओठ उचलून सांगतो, आदात (अजून दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे पक्के दात). आम्ही तेच करतो, फक्त दाढांची झीजही मोजतो. एकाच थरातले सगळे जबडे वयानं मांडले की नमुना दिसतो. ऐन भरातली जनावरं जास्त असतील तर शिकारी निवडून, दबा धरून मारत होते. पाळीव कळपात चित्र निराळं: बोकड तरुणपणीच कापलेले, माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत ठेवलेल्या. कुठल्याही धनगराच्या वाड्यावर विचार, कारण तोच सांगेल. ‘थंडीत राहत’ हेही बहुतेक दातांवरूनच आलं असणार. थंड मुलखात हरणांची पाडसं ठरावीक महिन्यांतच होतात, म्हणून दुधाच्या दातांची अवस्था पाहून मारल्याचा महिना जवळपास काढता येतो. आपल्याकडे चितळ काय, काळवीट काय, पाडसं वर्षभर दिसतात. त्यामुळे युरोपातल्या गुहेचा हिशेब उचलून इथे लावला की फसगत होते.

लहान जनावरांना कमी लेखू नकोस. श्रीलंकेतल्या फा-हिएन लेना गुहेत ४५,००० वर्षांपूर्वीपासूनची माणसं घनदाट पावसाळी जंगलात राहून माकडं आणि शेकरूसारख्या मोठ्या खारी मारत होती, तीही बहुतांश पूर्ण वाढलेली. झाडाच्या शेंड्यावरचं चपळ जनावर काठीनं मरत नाही. तिथे हाडाचीच टोकदार अणकुचीही मिळाली. माणूस मोठ्या जनावरांमागे मैदानातून धावत जगभर पसरला, ही गोष्ट शेकरूच्या हाडांनी बदलली. उत्खननात चाळणी जाड भोकांची असती तर ही हाडं राडारोड्यात गेली असती. मातीचा ढीग बघून कंटाळा आला तरी बारीक चाळणीनं, शक्यतो पाण्यात, चाळायचंच.

आणि ज्या तुकड्याला कुठलंच नाव देता येत नाही तो टाकायचा नाही. पूर्वी आम्ही पिशवीवर ‘अनोळखी’ लिहून माळ्यावर टाकायचो. आता हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनावरून प्राण्याचा गट ओळखता येतो, शिंपीण कापडाचा कपटा चुरगाळून सूत ओळखते तसं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतले दोन हजारांहून जास्त निनावी तुकडे असे तपासले, त्यात दोन-अडीच सेंटिमीटरचा एक माणसाच्या कुळातला निघाला. २०१८ मध्ये त्याचा डीएनए वाचला. तेरा वर्षांच्या पुढची मुलगी, आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन, म्हणजे आता नाहीशा झालेल्या दोन वेगळ्या मानवकुळांतले.

सोलापुरात गुहा का नाहीत? आपण बसलोय बेसॉल्टवर, काळ्या पाषाणावर. तो चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. चुनखडीच्या गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून चुना उतरतो, माती अल्कधर्मी राहते आणि हाडं टिकतात. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या वालुकाश्मात माती आम्लधर्मी, म्हणून चित्रं उरली, हाडं जवळपास नाहीत. तुला जवळची खरी हाडांची गुहा पाहायची असेल तर रायचूर-गुंतकलच्या गाडीत बस आणि पुढे आंध्रातल्या बेतमचेर्लाकडे जा. बिल्लासुर्गमच्या गुहा तिथे आहेत. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८० च्या दशकात तिथे खोदकाम सुरू केलं, नंतर ते त्यांच्या मुलानं, हेन्रीनं पुढे नेलं. हाडं ओळखली जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी. फूट यांना तिथे हाडाची हत्यारंही दिसली, त्यावर पुढे बराच वाद झाला. दात आणि सुरी यांची ओळख तेव्हा एवढी तयार नव्हती. २०१४ साली त्याच गुहांच्या थरांची तारीखवार मांडणी प्रसिद्ध झाली. ओळखलेल्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी २० प्रकार गेली किमान १,००,००० वर्षं उपखंडात टिकून आहेत. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मोठी जनावरं धडाधड नाहीशी झाली, आपल्याकडे बहुतेक टिकली, जागा बदलून का होईना. मी नान्नजच्या माळावर काळवीट बघते तेव्हा मला ते आकडे आठवतात.

नान्नजचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथे काळविटाचं शिंग, हाड पडलेलं दिसलं तरी पिशवीत घालायचं नाही. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, ‘अभ्यासासाठी’ म्हटलं तरी. शेळी, मेंढी, कोंबडी, मासे, गावात मेलेली म्हैस, एवढ्यावर तुझी पहिली दोन वर्षं सहज जातील. शेळी आणि मेंढीची हाडं एकमेकांपासून वेगळी ओळखता यायलाच मला सहा महिने लागले. जंगली जनावरांचे सांगाडे बघायला पुण्याला डेक्कन कॉलेजात जा, तिथे तुलनेसाठीचा संग्रह आहे. भीमेच्या खोऱ्यातलंच इनामगाव, जिथे त्यांनी १९६८ पासून वर्षानुवर्षं खणलं, तिथल्या हाडांवरून आपल्या भागातला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय खात होता ते कळतं. गुहा नसली तरी पद्धत तीच.

आता मामाचा दात. जड आहे म्हणजे त्यात खनिज भरलंय, तो जीवाश्म असू शकतो. गोदावरी, मांजरा, घोड या नद्यांच्या जुन्या वाळू-गाळात हत्ती आणि रानबैलांचे असे जीवाश्म मिळालेले आहेत. चावण्याच्या पृष्ठभागावर एकामागे एक आडव्या पट्ट्या असतील तर हत्तीकुळाचा. चंद्रकोरीसारख्या वळ्या असतील तर बैल-म्हैस-हरणांपैकी. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून वरून, बाजूनं आणि मुळाकडून असे तीन फोटो काढ. तो किती फुटांवर निघाला, वर काळी माती किती आणि खाली वाळू लागली की मुरूम, हे विहीर खणणाऱ्या गड्याला आजच विचार. महिनाभरानं तो विसरेल. चिकटलेली माती राहू दे, फट पडली असेल तर फेव्हिकॉल भरू नकोस. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेव, गच्चीवर वाळवलास तर तडकेल. आणखी खोल खणून बघू, असा मोह मामाला होईल, त्याला तेवढा थांबव. फोटो आले की मला पाठव.